माडीचे माप

रत्नागिरीच्या दक्षिणेला खाडीकाठच्या एका गावात एका निवृत्त मास्तरांनी घरावर माडी चढवायची ठरवली. घर तीन खणांचे, जांभ्याचे. माळ्याच्या तुळया किंजळीच्या होत्या आणि हातोडीने ठोकून पाहिल्या तर अजून खणखणीत वाजत होत्या. भिंती उचलायच्या, छप्पर वर न्यायचे आणि तुळयांवर फळ्यांची जमीन घालायची, एवढेच काम. एका खणात पुस्तके, एका खणात पुण्याहून लेक-जावई आले की त्यांचा मुक्काम, आणि समुद्राकडचा तिसरा खण नुसता मोकळा, वाऱ्याला. मास्तरांनी हा बेत वहीत काढून ठेवला होता. तिन्ही खण मिळून ४५० चौरस फूट. इंचभर जाडीच्या फळ्या धरल्या तर साडेसदतीस घनफूट लाकूड, आणि कापण्या-तासण्यात जाईल ते धरून पंचेचाळीस.

गावचे आबा सुतार सत्तरी ओलांडलेले. मास्तरांनी त्यांच्यापुढे वही ठेवली. आबांनी ती पाहिली, मिटली आणि परत दिली. खिशातली टेप त्यांनी बाहेर काढलीच नाही.

"माप मागाहून घेऊ, मास्तर," ते म्हणाले. "आधी लाकूड आणा."

"किती आणायचं ते ठरल्याशिवाय आणू कसं?"

"जेवढं मिळेल तेवढं आणा. पण त्याची गोष्ट मला सांगता आली पाहिजे. बुंध्यापासून उंबऱ्यापर्यंत. झाड कुठं होतं, कोणी तोडलं, का तोडलं, कोणाच्या हातातून आलं. मध्ये तुटली गोष्ट, तर ते लाकूड मला नको. लेकीला स्थळ बघताना गाव विचारलंत, घर विचारलंत. हे तर नातवंडांच्या पायाखाली राहणार आहे."

मास्तरांना हे आधी म्हाताऱ्या माणसाचे हट्ट वाटले. पण आबा जे बोलत होते ती कोकणातली जुनी रीत होती. घर बांधायचे मनात आले की माणसे पाच-पाच, दहा-दहा वर्षे लाकूड जमवत. वादळात एखादी किंजळ पडली, बांधावरचा फणस वठला, वाटणीत एखादा ऐन आला, की तो कापून, सावलीत रचून ठेवायचा. त्या राशीकडे पाहून मग घर किती खणांचे ते ठरायचे. रास दोन खणांची असेल तर घर दोन खणांचे. आता आपण उलटे करतो. आधी कागदावर माप ठरते आणि मग ते भरून काढायला जगाच्या पाठीवरून कुठूनही लाकूड येते. माप आपले असते, तोड दुसऱ्याच्या रानात होते. घरात फळ्यांची जमीन घालणाऱ्या फार थोड्या लोकांना ते रान कुठले हे माहीत असते, आणि मला वाटते, सगळे दुखणे तिथेच आहे.

मास्तर रत्नागिरीतल्या एका वखारीत गेले. वखारवाला त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि आतल्या शेडमध्ये नेऊन फळ्या दाखवल्या. सोनेरी-तपकिरी रंग, सरळ रेषा, हात फिरवला की बोटांना किंचित तेलकट लागणारे, चामड्यासारख्या वासाचे लाकूड.

"बर्मा साग, सर. गाठ शोधून सापडणार नाही. तुम्हाला खरेदीच्या भावात देतो. तुमच्याकडून नफा घेणार नाही मी."

मुलगा मनापासून बोलत होता. मास्तरांनी फळी उचलून पाहिली. मग आबांचा प्रश्न त्यांनी विचारला. हे कुठून आले?

"कांडल्याहून."

"त्याच्या आधी?"

"बाहेरच्या एका व्यापाऱ्याकडून. त्यानं बर्म्यातून घेतलेलं."

"बर्म्यातलं कुठलं रान? कोणी तोडलं? पैसे कोणाला गेले?"

मुलगा थोडा थांबला. "सर, कागद बंदरापर्यंतचे असतात. रानापर्यंतचे कोणी मागत नाही."

मास्तरांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता, आणि तोही रत्नागिरीत. या गावात बर्म्याच्या सागाचे नाव काढले की एका टेकडीकडे बोट दाखवावेच लागते. तिथे थिबा पॅलेस आहे. बर्म्याचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवले, त्याची सुरुवात सागाच्या ओंडक्यांपासून झाली होती. वॉलेस बंधूंनी १८६३ मध्ये काढलेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी थिबाच्या राज्यातल्या रानांत साग तोडत असे. १८८५ मध्ये राजाच्या दरबाराने ठरवले की कंपनीने हिशेबात दाखवले त्याहून जास्त ओंडके नेले आहेत, आणि तिला जबर दंड केला. इंग्रजांना फ्रेंचांचाही धाक होता, वरच्या बर्म्यावर डोळाही होता. निमित्त मात्र या दंडाचे झाले. नोव्हेंबर १८८५ मध्ये फौजा इरावती नदीतून वर गेल्या आणि महिना संपायच्या आत मंडालेचे राज्य बुडाले. राजा-राणी आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आले. पॅलेस बांधून झाला १९१० च्या सुमाराला. १९१६ मध्ये थिबा इथेच वारला. त्याचे थडगे रत्नागिरीतच आहे.

मास्तर हा धडा वर्गात शिकवत तेव्हा मुले विचारत, की ओंडके खरेच जास्त नेले होते का. त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. पण तो वाद नेमका कशाचा होता ते लक्षात घ्यावे: रानातून किती लाकूड निघाले आणि कागदावर किती दिसले, याचा. राज्य बुडाले तरी तो प्रश्न बुडाला नाही. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून न कापलेले ओंडके बाहेर पाठवणे बंद केले, कारण रान झपाट्याने संपत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली. लाकडाचा सगळा सरकारी व्यवहार ज्या म्यानमा टिंबर एंटरप्राइझमार्फत चालतो, तिच्यावर एप्रिलमध्ये अमेरिकेने आणि जूनमध्ये युरोपीय संघाने निर्बंध घातले, कारण सागाचा पैसा बंदुकांकडे जात होता. आपल्याकडे तशी बंदी नाही.

हेच त्या मुलानेही सांगितले. "मी कायद्यानंच विकतो, सर."

"तू चुकीचं करतोस असं मी म्हणत नाही रे," मास्तर म्हणाले. "पण मला आबांना गोष्ट सांगायची आहे आणि ती कांडल्याला तुटते. उद्या माझ्या नातवानं विचारलं तर त्यालाही मी कांडल्यापर्यंतचंच सांगू शकेन."

चहा पिऊन ते परत आले. मुलाला वाईट वाटले असणार. पण तो प्रश्न त्याच्या वखारीत राहिला.

दरम्यान लेकीने पुण्यात चौकशी सुरू केली होती. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका दुकानावर मोठी हिरवी पाटी होती, 'जंगलाची काळजी घेणारे लाकूड', आणि त्यावर झाडाच्या आकारात बरोबरची खूण. ही खूण फॉरेस्ट स्ट्यूअर्डशिप कौन्सिलची, म्हणजे एफएससीची. रिओच्या १९९२ च्या परिषदेत रानांबाबत देशांना बांधील असा करार झाला नाही, तेव्हा पर्यावरणवाले, व्यापारी आणि रानावर जगणारे लोक यांनी एकत्र येऊन १९९३ मध्ये ही संस्था उभी केली. तिची कल्पना आबांच्या कल्पनेहून वेगळी नाही. रान तपासायचे: तोडीइतकी वाढ होते का, तिथल्या लोकांचे हक्क पाळले जातात का. आणि मग ते लाकूड ज्या ज्या हातातून जाईल तो प्रत्येक हात तपासायचा: करवत गिरणी, फळ्या करणारा कारखाना, व्यापारी, दुकानदार. साखळीतला एक दुवा निसटला की पुढच्या कोणालाही ती खूण लावता येत नाही.

लेकीने फळी पसंत केली आणि म्हणाली, "बिलावर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि लाकडाचा प्रकार लिहून द्या."

दुकानदार म्हणाला, "पाटी आहे ना, ताई."

"पाटी दुकानाची आहे. मी फळ्या नेणार आहे."

तो क्रमांक काही बिलावर आला नाही आणि लेक तिथून उठली. हे तिचे करणे मला फार मोलाचे वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो. आपण खूण पाहून निर्धास्त होतो. पण भिंतीवरची खूण म्हणजे या दुकानाला असा माल विकता येतो, एवढेच. आपण घेतला तो माल तसा आहे की नाही, हे फक्त बिल सांगते. बिलावर दावा आणि क्रमांक असेल, तर तो क्रमांक संस्थेच्या यादीत घरबसल्या तपासता येतो: दाखला कोणाच्या नावाचा, कुठल्या मालाचा, चालू आहे की संपलेला. नसेल, तर तुम्ही साधे लाकूड घेतले आणि पाटीचे पैसे दिले. आता आपल्या देशानेही डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःची वन आणि लाकूड प्रमाणन योजना काढली आहे. ती रुजेल तशी रुजो. पण दाखला कुणाचाही असो, मागायचा तो बिलावर.

पुढच्या दुकानात बिलावर क्रमांक लिहून देणारा माणूस भेटला. त्याच्याकडे रबराच्या लाकडाच्या पट्ट्या होत्या, नर-मादी खाचेच्या, केरळातल्या. रबराचे झाड पंचवीस-तीस वर्षे चीक देते. चीक आटला की मळेवाला ते काढून नवे लावतो. पूर्वी ते लाकूड चुलीत जायचे, आता त्याच्या फळ्या होतात. या लाकडासाठी वेगळे रान तोडावे लागत नाही आणि गोष्टही बुंध्यापर्यंत पोचते. लेकीने एक तुकडा कुरिअरने गावी पाठवला.

आबांनी तो उजेडात धरला, नखाने दाबला, वास घेतला.

"गोष्ट चांगली आहे," ते म्हणाले. "लाकूड बिचारं इथलं नाही. ह्याला औषध पाजलेलं असतं म्हणून कीड लागत नाही, पण आपल्याकडे चार महिने भिंतीतून पाणी पाझरतं, कौलातून ठिबकतं. ते औषध धुपेल आणि मग वाळवी सोडणार नाही. पुण्यातल्या फ्लॅटला हे लाकूड घ्या, डोळे मिटून घ्या. इथं पाच-सात वर्षांत बदलावं लागेल."

"पण रानाला तर त्याचा त्रास नाही," मास्तर म्हणाले.

"बदलायच्या वेळी दुसरं झाड तोडावं लागेलच की."

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या या पट्ट्यात टिकणे हाही रान राखण्याचाच भाग आहे. शंभर वर्षे टिकणारी फळी मागच्या झाडाला शंभर वर्षे वाढू देते. पाच वर्षांत कुजणारी, कितीही चांगल्या घरची असली, तरी देत नाही. मास्तरांनी तुकडा परत पाठवला आणि लेकीला कळवले की तुझ्या हॉलसाठी हेच घे.

मग गावातूनच वाटा सुचू लागल्या. कोणी म्हणाले, देवाच्या राईत मागच्या वादळात एक प्रचंड ऐन पडला आहे, तो नुसता कुजतोय. मास्तर गुरवाकडे गेले. गुरवाने सांगितले, राईतली वाळली काटकीही बाहेर न्यायची नाही, पडलेले झाडही राईचेच. मास्तरांनी हात जोडले आणि विषय संपवला. कोणी म्हणाले, परसातला तो जून फणस काढा. त्यावर मास्तरीणबाई काही बोलल्या नाहीत, फक्त त्या वर्षीचे पहिले गरे त्यांनी ताटलीत घालून आबांसमोर ठेवले. आबांनी खाल्ले आणि म्हणाले, फळतं झाड तोडायला मी करवत आणणार नाही.

बांधावर मात्र एक फणस दोन वर्षांपासून उभ्याउभ्या वाळला होता. आबांनी कुऱ्हाडीचा तुंबा मारून पाहिला. आतून भरीव आवाज आला. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याखाली फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ अशी झाडे स्वतःच्या जमिनीतलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, वाळलेली असली तरी. मास्तरांनी वनखात्यात अर्ज केला. खेपा घालाव्या लागल्या, पंचनामा झाला, बुंध्याला नंबर पडला. लोक म्हणाले, एवढ्याशा वाळक्या झाडाला एवढा खटाटोप कशाला, रात्रीत कापून गिरणीत टाकायचं. पण आबांना सांगायच्या गोष्टीत 'रात्रीत' हा शब्द मास्तरांना नको होता. पाच फूट घेराचा, आठ फूट लांब सरळ बुंधा मिळाला. गिरणीतून आठ घनफूट फळ्या निघाल्या. हळदीसारख्या पिवळ्या. ब्रह्मदेश आणि थायलंडमध्ये भिक्खू याच लाकडाच्या भुशाने चीवरे रंगवत आले आहेत. आबांनी फळ्यांमध्ये पट्ट्या घालून त्या पडवीत रचल्या आणि वर दगड ठेवले, वळू नयेत म्हणून.

उरलेले लाकूड मुंबई–गोवा महामार्गाने दिले. रुंदीकरणात हातखंब्याच्या पुढे एका घराचा अर्धा भाग गेला होता आणि उरलेला अर्धा पावसात बसला होता. तक्तपोशीच्या फळ्या ताडपत्रीखाली रचलेल्या होत्या. एक जण त्या वजनावर, जळणाच्या भावात मागत होता. घराच्या मालकीण एक आजी होत्या. मास्तरांनी फळ्यांचा भाव विचारण्याआधी फळ्यांची गोष्ट विचारली.

"कोण विचारतंय हो आता," आजी म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांनी घातल्यान ह्या. आमच्याच भाताच्या बांधावर दोन फणस होते, एका वादळात दोन्ही पडले. सुतारानं इथंच अंगणात उभा आडवा करवत ओढून कापले. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्या फळ्या पिवळ्या होत्या."

आता त्या काळ्या कुळकुळीत होत्या. खाली चूल होती, साठ-सत्तर वर्षांचा धूर बसला होता. मास्तरांनी जळणाचा नव्हे, लाकडाचा भाव दिला, मुलांची सही घेतली, ग्रामपंचायतीचा दाखला घेतला आणि टेंपो भरला.

ते लाकूड तयार करताना आबांना पाहायला अर्धे गाव यायचे. आधी ते फळीवर हाताचा तळवा फिरवत आणि खिळा सापडला की खडूने गोल करत. मागून ठोकून खिळ्याचे डोके वर आणायचे, पकडीने धरायचे आणि न हिसकता, पिळत पिळत काढायचे, कारण हिसकला तर डोके तुटते आणि उरलेला खिळा रंध्याचे पाते खातो. मग रंधा. पहिल्या हाताला काजळी निघायची, भट्टीतल्या राखेसारखी भुरभुरीत. दुसऱ्या हाताला तपकिरी. तिसऱ्या-चौथ्या हाताला एकदम पिवळा रंग वर येई, आणि प्रत्येक खिळ्याच्या जागी काळे वर्तुळ राही, लोखंडाने लाकूड खाल्ल्याचे. बांधावरच्या फणसाच्या उरलेल्या तुकड्यांतून आबांनी गोल खुंट्या केल्या आणि त्या छिद्रांत ठोकून बसवल्या. काढता येणारे सगळे खिळे काढून, फाटलेली टोके कापून, हातात आल्या तेवीस घनफूट फळ्या.

आठ आणि तेवीस, एकतीस. खणाला पंधरा लागतात. म्हणजे दोन खण.

नेमका त्याच आठवड्यात वखारवाल्या मुलाचा फोन आला. "सर, काम कुठवर आलं? एका खणाचं लाकूड कमी पडतंय असं ऐकलं. पंधरा घनफुटांचा तर प्रश्न आहे. दोन खण तुमच्या मनासारखे झाले, एका खणाला माझा साग घ्या. कोणाला कळणार आहे?"

मास्तर त्या रात्री अस्वस्थ होते, आणि मी त्यांना दोष देत नाही. सगळे नीट केल्यावर शेवटचा थोडा भाग राहतो तेव्हाच मन म्हणते, आता एवढे चालेल. जगातली बरीच तोड याच 'एवढ्याशा' साठी होत असते, कारण प्रत्येकाचा एकच खण असतो. सकाळी त्यांनी आबांना बोलावले.

"आबा, लाकूड आलं. आता माप घ्या."

आबांनी टेप काढली. आधी फळ्यांची रास मोजली, मग वर चढून तुळया मोजल्या. खाली आले आणि म्हणाले, "माडी दोन खणांची."

"मी तीन म्हटलं होतं."

"तुम्ही वहीत म्हटलं होतं. ज्या लाकडाचं गाव सांगता येत नाही ते घरात आणू नये, आणि गाव सांगता येईल तेवढ्याच लाकडात घर बसवावं. मला माझ्या बापानं एवढंच शिकवलं. बाकी हाताचं काम काय, ते कोणीही शिकतं."

मास्तरीणबाईंना लेकीचा खण जाईल याची काळजी. त्यांनी पुण्याला फोन लावला. लेक पलीकडून हसली. "आई, आम्ही गणपतीला येतो आणि मेमध्ये येतो. तेवढ्यासाठी अख्खा खण अडवून ठेवायचा? वाऱ्याचा खण रिकामाच असणार आहे ना, तिथं गाद्या टाकू." तीन खणांची गरज एका फोनवर दोन खणांची झाली. कोणाचे काही गेले नाही. वहीतली माडी मोठी होती, कारण वहीत लाकूड लागत नाही.

एक अडचण मात्र खरी होती. जिन्याच्या पायऱ्यांना फणस चालणार नव्हता. आबांना सागच हवा होता, पाऊल रोज एकाच जागी पडते म्हणून. चार-साडेचार घनफूट. मास्तरांनी वखारवाल्या मुलालाच फोन केला. "तुझ्याकडचा बर्मा नको. बल्लारशाहचा मिळेल का, कागदासकट?"

साग जगात मुळात चारच देशांतला: भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस. त्यातला फार उत्तम साग आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत होतो, आणि वनखात्याच्या तोडीचा माल बल्लारशाहच्या आगारात लिलावाला येतो. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये साग गेला तो इथलाच. वनखात्याची तोड कार्य आयोजनेप्रमाणे होते: कुठल्या कक्षात, कुठल्या वर्षी, किती झाडे. ओंडक्यावर हातोड्याची खूण उमटते, लॉटला नंबर पडतो आणि रस्त्यावर यायला वाहतूक परवाना लागतो. सरकारी तोडीतही चुका होतात, होत आल्या आहेत. पण इथे निदान कोणत्या कक्षातले झाड, हे विचारायला दार आहे. भाव अर्थात चढा. बर्म्याचा माल त्या मुलाने ज्या भावात देऊ केला होता, त्याहून बराच जास्त.

मुलगा म्हणाला, "सर, एवढ्याशा मालासाठी मला नागपूरच्या व्यापाऱ्याला विचारावं लागेल."

"विचार."

त्याने विचारले. महिन्याभराने साग आला. त्याबरोबर वाहतूक परवान्याची आणि लॉट नंबरची प्रत आली. मास्तरांनी ती प्रत वहीत डकवली, वनखात्याची परवानगी आणि हातखंब्याच्या ग्रामपंचायतीचा दाखला यांच्या शेजारी.

दिवाळीनंतर, पावसाची ओल उतरल्यावर, आबांनी जमीन घातली. फळ्यांच्या खालच्या बाजूला काजूच्या टरफलाचे तेल दोन हात दिले, वाळवीसाठी. भिंतीच्या कडेने अर्ध्या बोटाची फट सोडली, आषाढात लाकूड फुगते तेव्हा त्याला सरकायला. नवा फणस अजून लिंबाच्या रंगाचा होता आणि जुना मधाच्या. मास्तरांनी विचारले, रंग लावून एकसारखे करायचे का. आबा म्हणाले, उन्हाने दोन-तीन वर्षांत आपोआप जवळ येतील, रंग लावाल तर कुठली फळी कुठली ते कळणार नाही.

वखारवाला मुलगा माडी बघायला आला तेव्हा बूट खालीच काढून वर आला. पहिल्यांदा त्याने जिन्यातल्या आपल्या पायऱ्या पाहिल्या. मग गुडघ्यावर बसून फळ्यांच्या खुंट्यांवरून बोट फिरवले आणि ही कुठली, ती कुठली, असे विचारत राहिला. मास्तर सांगत गेले: ही बांधावरची, ही हातखंब्याच्या आजींची, ही त्यांच्याच दुसऱ्या झाडाची. मुलाने थोड्या वेळाने सांगितले की त्याने कांडल्याच्या व्यापाऱ्याला त्या बर्मा मालाचे रानापर्यंतचे कागद मागितले होते. आले नाहीत. माल त्याने विकला, पैसे अडकले होते. पण नवा मागवलेला नाही.

"आता कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही ना, सर. पूर्वी विचारतच नव्हतं कोणी."

मग तो उठला आणि त्याने भिंतीपलीकडच्या तिसऱ्या खणाकडे पाहिले. तिथे नुसत्या किंजळीच्या तुळया होत्या आणि वर कौले.

"ह्या खणाचं काय करणार? नागपूरवाल्याकडे बल्लारशाहचाच आणखी माल येणार आहे पुढच्या लिलावात. परवान्यासकट. पंधरा घनफूट बाजूला ठेवायला सांगू?"

"भाव काय?"

त्याने सांगितला. मास्तरीणबाई जिन्यात उभ्या होत्या, त्यांनी मास्तरांकडे पाहिले.

"आधी परवान्याची प्रत पाठव," मास्तर म्हणाले. "भावाचं मग बघू. आणि लेकीला विचारतो, तिला तो खण खरंच हवा आहे का."